साखर खाली येतच नाही? आधी ती केव्हा वाढते ते शोधा

दुखणं साधारण असं दिसतं. गोळ्या चालू आहेत, गोड सोडलंय, तरी उपाशीपोटीची साखर आठवडेच्या आठवडे १६०-१७० च्या खाली उतरत नाही. जेवणानंतर दोन तासांनी २५० च्या पुढे जाते. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, दर वेळी साडेआठ-नऊ. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, घशाला कोरड पडते, चष्म्यातून कधी स्पष्ट दिसतं तर कधी धूसर. लघवीच्या जागी खाज सुटते. पायाला साधी ठेच लागली तरी महिनाभर भरून येत नाही. काहींना यातलं काहीच होत नाही, नुसता कागदावरचा आकडा मोठा असतो. तो आकडाही तितक्याच गांभीर्याने घ्या, कारण डोळ्यांचे पडदे आणि मूत्रपिंडं खराब होताना दुखत नाहीत.

एक गोष्ट सगळ्यात आधी. साखर ३०० च्या वर आहे आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यातलं काही आहे, किंवा हात धुऊन पुन्हा तपासल्यावरही ग्लुकोमीटर आकड्याऐवजी ‘हाय’ दाखवतोय, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

मी डॉक्टर नाही. अकोल्यात राहते. मला स्वतःला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, माझ्या आईला आहे, आणि माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, त्याहून जुना आहे. तिघांच्या गोळ्या, इन्शुलिन आणि वह्या मीच सांभाळते. हळूहळू शेजारपाजारच्या बायकाही वही घेऊन यायला लागल्या. ‘ताई, मी काहीच खात नाही, तरी साखर वाढते’ हे वाक्य मी कितीतरी जणींकडून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ती बाई खरं बोलत असते. घरातले तिच्यावर चोरून खाल्ल्याचा आळ घेतात आणि बिघाड भलतीकडेच असतो. म्हणून मी ज्या क्रमाने शोधते तो क्रम इथे लिहिते आहे. आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, मग डॉक्टरांचं.

आकडा खरा आहे का?

मागच्या मे महिन्यात आईने आमरसाचे आंबे पिळले, पदराला हात पुसले आणि बोट टोचलं. २९४. तिचा चेहराच उतरला. मी तिला साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. १६२. बोटावरचा रस रक्ताच्या एवढ्याशा थेंबात मिसळला की मशीन त्यालाही साखरच समजतं. त्यामुळे तपासण्याआधी हात साबणाने धुणं आणि पूर्ण कोरडे करणं ही पहिली दुरुस्ती. ओल्या हाताने उलट चूक होते, थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. बोट पिळून पिळून रक्त काढू नका, हात खाली सोडून थोडा झटका आणि बोटाच्या टोकापेक्षा बाजूला टोचा. तिथे दुखतंही कमी.

मग स्ट्रिपची डबी बघा. तारीख उलटली आहे का? डबी फोडून किती महिने झाले? किती दिवस चालते ते डबीवरच छापलेलं असतं. झाकण घट्ट लावता की गॅसच्या ओट्याशेजारी उघडीच पडलेली असते? पावसाळ्यातली दमट हवा स्ट्रिप खराब करायला पुरेशी आहे. चांगल्या मशीनचा आकडासुद्धा लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून काल १५२ आणि आज १६१ यावरून रडायचं किंवा हरखायचं काही कारण नाही. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्याल तेव्हा तिथेच आपल्या मशीनवरही तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. जेवणानंतरचे आकडे असे ताडू नका, कारण जेवल्यावर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते.

केव्हा वाढते?

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि थेट भात बंद करतात. महिन्यातून एकदा तपासलेल्या उपाशीपोटीच्या एका आकड्यावरून बिघाड कधीच सापडत नाही.

तीन दिवस, रोज पाच वेळा तपासा: सकाळी उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणानंतर आणि झोपताना. ‘नंतर’ म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तास. पंधरा स्ट्रिप लागतात, तीन-चारशे रुपये जातात, पण त्याने पुढचा सगळा शोध अर्ध्यावर येतो. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली हेही लिहा. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. म्हाताऱ्या माणसांना, किंवा ज्यांची साखर अचानक पडते त्यांना डॉक्टर जरा सैल लक्ष्य देतात, ते मुद्दाम. सत्तरी पार केलेल्या माणसाचं एचबीए१सी साडेसहावर आणायच्या मागे लागू नका.

आता वही वाचा. फक्त सकाळचा आकडा मोठा असेल तर दोष रात्रीचा: उशिराचं जेवण, रात्रीचा डोस किंवा यकृत. सकाळ बरी पण एका जेवणानंतर उडी असेल तर दोष त्या ताटाचा. दिवसभर, सगळ्या वेळी उंच असेल तर औषध अपुरं पडतंय, इन्शुलिन खराब झालंय किंवा शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग आहे. आज १३०, उद्या २८०, काही ताळमेळच नाही असं असेल तर चुकलेले डोस आणि इन्शुलिनच्या गाठी बघा.

गोळ्या मोजा

आठवण्यावर जाऊ नका, पाकीट हातात घ्या. पंधराची पट्टी आणली त्याला किती दिवस झाले आणि किती गोळ्या उरल्या? माझ्या एका मैत्रिणीच्या महिन्याला नऊ गोळ्या जास्त उरत होत्या. सगळ्या रात्रीच्या. टीव्हीपुढे जेवण व्हायचं आणि गोळी राहायची. तिची सकाळची साखर नुसत्या एवढ्याने १७८ वरून १४० च्या आसपास आली.

नंतर नावापुढचा आकडा वाचा. दुकानात त्याच नावाची, पण १ च्या जागी २ किंवा २ च्या जागी १ लिहिलेली पट्टी हातात पडू शकते. पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. वेळही पाहा. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतात, नाहीतर पोट बिघडतं आणि माणूस गुपचूप गोळी सोडतो. ग्लिमेपिराइड जेवणाच्या थोडं आधी. व्होग्लिबोज पहिल्या घासाबरोबर, कारण ती आतड्यात पिष्टाचं पचन लांबवते; जेवण उरकल्यावर घेतली तर तिला करायला फारसं काही उरतच नाही.

इन्शुलिन घेत असाल तर इथे थांबून नीट बघा

चार वर्षांपूर्वी मामाजींची साखर दिवाळीनंतर एकाएकी चढली. २२०, २६०, ३१०. दिवाळीचा फराळ घरात होताच, त्यामुळे सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. डबे वरच्या फळीवर गेले. मी स्वतः त्यांना म्हणाले, ‘मामाजी, खाल्लं असेल तर सांगून टाका, मी रागावणार नाही.’ ते काही बोलले नाहीत. ताटातला भात त्यांनी आपणहून बाजूला सारला. डॉक्टरांनी डोस २० चा २६ केला, तरी आकडा हलेना.

एका संध्याकाळी सुई भरताना माझी नजर सिरिंजच्या टोपणावर गेली. टोपण नारिंगी होतं. आमच्या घरात वर्षानुवर्षं लाल टोपणाची सिरिंज यायची. लालची संपली म्हणून मेडिकलमधून दुसरी मिळाली होती आणि मी न बघता पिशवीत टाकली होती.

आपल्याकडे बाटलीतलं साधं इन्शुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. पाच आठवडे मामाजींना निम्म्याहूनही कमी औषध मिळत होतं आणि आम्ही त्यांच्या जिभेवर संशय घेत होतो. त्या रात्री मी त्यांच्या पाया पडले.

एक इशारा इथेच देते. चूक सापडल्यावर लगेच लाल सिरिंजने २६ युनिट भरले असते तर साखर धोकादायक खाली गेली असती, कारण ते २६ चुकीच्या मापावर ठरलेले होते. आधी डॉक्टरांना फोन, नवा डोस त्यांच्याकडून विचारून घ्यायचा आणि मगच सुई भरायची. उलटी चूक तर जीवघेणी आहे: १०० ची बाटली आणि लाल सिरिंज म्हणजे अडीचपट डोस.

टोपण बरोबर असेल तर पोटावरून बोटं फिरवा. रोज त्याच जागी टोचून कातडीखाली मऊ, फुगीर गाठी झालेल्या असतात. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि त्या गाठीतून इन्शुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा रोज दोन बोटं सरकवा, गाठी पूर्ण सोडा. चांगल्या जागेवर आल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून तेव्हाही डॉक्टरांना सांगून, साखर तपासत राहा. दुधासारखं गढूळ इन्शुलिन असेल तर ते तळव्यांमध्ये हळूहळू घोळवून एकसारखं करायचं, खळखळ हलवायचं नाही. पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा, आणि टोचल्यावर दहा आकडे मोजूनच सुई काढा.

आणि उन्हाळा. न फोडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला लागून कधीच नाही, एकदा गोठलं की ते फेकायचंच. फोडलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ते ३० अंशांच्या आतल्या खोलीत. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा ‘बाहेर चालतं’ हे विसरायचं. फ्रीज नसेल किंवा लाइट जात असेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात दुसरं छोटं मडकं ठेवा, आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली. वाळू ओली राहिली पाहिजे. गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवलेलं इन्शुलिन दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा जोर गेलेला असतो. शंका आली की नवी बाटली फोडा आणि दोन दिवसांत आकड्यात फरक पडतो का बघा. फरक पडून साखर खाली उतरायला लागली तर डोसबद्दल पुन्हा डॉक्टरांना विचारा.

ताट

इथे मी कुणाला उपाशी राहायला सांगणार नाही. ज्या जेवणानंतर उडी दिसली तेवढंच एक ताट बदला, तीन दिवस, आणि पुन्हा मोजा.

ज्वारीची भाकर साखर वाढवत नाही हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. मी एकदा वजनकाट्यावर मोजलं. आमच्या एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागतं, त्यातलं सुमारे ५५ ग्रॅम पिष्ट. दोन भाकरी आणि वर भात म्हणजे पोळीला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. भाकरीत तंतू जास्त आहेत, ती चांगलीच, पण लहान आणि एक. गूळ, मध, खडीसाखर हेही साखरच. चहाचंही गणित मांडा: दिवसाचे चार कप, प्रत्येकी दीड चमचा, म्हणजे सहा चमचे साखर, बिस्किटं वेगळी.

उपवासाच्या दिवशी साखर जास्त का येते असं विचारणाऱ्या बायकांना मी साबुदाण्याची पिशवी दाखवते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर त्याहून थोडी बरी, पण तीही धान्यासारखीच. उपवास मोडायला मी सांगत नाही, माझी आईही एकादशी करते. ती आता दही, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर भगर खाते. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन निरंकार उपवास करू नका, साखर पडेल. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

ज्यांना काहीही कमी करायचं नाही त्यांनी निदान क्रम बदलून बघा. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि भाकर-भात शेवटी. आणि जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं शतपावली, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. माझ्या वहीत रात्रीच्या जेवणानंतरचा आकडा एवढ्याने तीस-चाळीसने उतरलेला दिसतो.

फक्त सकाळचीच जास्त असेल तर

पहाटे तीन ते आठच्या दरम्यान शरीर जागं व्हायची तयारी म्हणून काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साखर बाहेर काढतं. निरोगी माणसात इन्शुलिन ती सावरतं, आपल्यात सावरत नाही. त्यामुळे रात्री जेवण सोडलं तरी सकाळी १७० येऊ शकते, त्यात तुमचा दोष नाही. एक-दोन रात्री गजर लावून पहाटे तीनला तपासा. तेव्हाच ७०-८० असेल, किंवा घामाने गाऊन भिजत असेल, तर रात्रीचा डोस जास्त होतोय. तो वाढवून मागायची घाई अशा वेळी अंगाशी येते. तीनलाही १८० असेल तर रात्रीचं जेवण आणि औषध याविषयी डॉक्टरांशी बोला.

ताट, गोळी, सुई सगळं ठीक, तरी दिवसभर वाढलेली

मग शरीरातला दुसरा आजार शोधायचा. लघवीला जळजळ? हिरड्यांतून रक्त? पायाच्या तळव्याला फोड? तळवे रोज रात्री आरसा धरून बघा, बधिर पायाला जखम कळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका दोन-तीनपट असतो आणि सरकारी केंद्रात ती तपासणी मोफत होते.

मागच्या पंधरा दिवसांत गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन घेतलंय का? त्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि साखर बरेच दिवस वर राहू शकते. दम्याच्या, त्वचेच्या, सांध्यांच्या गोळ्यांतही ते असतं. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, त्यानेही जिवावर बेततं. मात्र सांधेदुखीवरची नाव नसलेली पुडी कुणी दिली असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

घरचे आकडे चांगले आणि एचबीए१सी मात्र वाईट, असं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. सिकलसेल असलेल्यांमध्ये ही तपासणी फसवी ठरते, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथे आपलं काम संपतं

हे सगळं पाहूनही साखर आठवडाभर २५० च्या वर राहिली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दोनदा ३०० च्या वर आली, ताप आला, जखम काळी पडली किंवा तिला वास यायला लागला, तर त्याच दिवशी. गरोदरपणात तर पहिल्याच मोठ्या आकड्याला. न प्रयत्न करता वजन झपाट्याने उतरत असेल तर आनंद मानू नका, शरीराला इन्शुलिन कमी पडतंय किंवा स्वादुपिंडात काही आहे, हे तपासायलाच हवं. ज्या गोळीचं नाव ‘फ्लोझिन’वर संपतं ती घेत असाल आणि उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर साखर फक्त २०० असली तरी दवाखान्यात जा आणि गोळीचं नाव सांगा, या गोळीबरोबर कमी साखरेतही रक्त आम्ल होऊ शकतं.

स्वतःच्या मनाने डोस दुप्पट करणं, शेजारणीची गोळी लागू पडली म्हणून घेणं, काढा सुरू केला म्हणून गोळ्या सोडणं, या तीन गोष्टी मी कुणालाही करू देत नाही.

डॉक्टर औषध वाढवायला किंवा इन्शुलिन सुरू करायला म्हणाले तर ती तुमची हार समजू नका. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसलं की आजार कळतो तेव्हाच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं, आणि पुढे ते घटत जातं. दहा वर्षांपूर्वी पुरणारी गोळी आज पुरत नाही याचं कारण बहुधा तेच असतं.

जाताना पिशवीत पंधरा आकड्यांची वही, ग्लुकोमीटर, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या झालेल्यांसकट, इन्शुलिनची चालू बाटली आणि वापरत असलेल्या सिरिंजपैकी एक न फोडलेली, टोपणासकट, एवढं घाला.